मुंगीचे फोन

मुंगीला मोठ्या माणसांशी बोलता येत नसे. मुकी नव्हती ती. मित्रमैत्रिणींत बसली की तिच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा, की समोरच्याने हात जोडावेत. पण समोर मोठं माणूस आलं, मग तो दुकानदार असो, शिक्षिका असो, नाहीतर लायब्ररीच्या काउंटरवरच्या बाई असोत, की झालं. दातखीळ बसायची. घशात काहीतरी आवळून यायचं, कान तापायचे, आणि शब्द जे आत दडून बसायचे ते माणूस निघून गेल्यावरच बाहेर यायचे. घरचे म्हणायचे, लाजाळू आहे पोर. लाजाळू कसली डोंबलाची. ती घाबरायची. सोळा वर्षांची घोडी झाली तरी घाबरायची, आणि घाबरते याची वर आणखी लाज वाटायची.

बटणचं नेमकं उलट. बटण म्हणजे तिची वर्गातली मैत्रीण, शेजारच्याच रस्त्यावर राहणारी. नाक बटणासारखं, त्यात आई शिवणकाम करणारी, त्यामुळे हे नाव चिकटलं ते चिकटलंच. बटण फोनवर कुणाशीही बोलेल. तक्रार करेल, हुज्जत घालेल, कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करेल. पण घराबाहेर पडायचं म्हटलं की तिला धडकी भरायची. रस्त्यात, बसमध्ये, गर्दीत तिला एकदम वाटायचं की आता श्वास बंद पडणार आणि आपण सगळ्यांसमोर कोसळणार. एकदा बसथांब्यावर ती खरोखरच खाली बसली होती. लोक गोळा झाले होते, कुणी पाणी मारलं, कुणी वारा घातला. श्वास परत आला, पण लोक गोळा होण्याची जी भीती बसली ती काही गेली नाही.

तिसरा लांबू. हा वर्गात सगळ्यांत उंच, आणि कुत्र्याला भिणारा. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारं, दात पडलेलं कुत्रं झोपलेलं असायचं. ते कुणाकडे मान वर करूनही बघत नसे, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं लांबूला ते स्वप्नातसुद्धा दिसायचं.

शाळेत अधूनमधून समुपदेशक बाई यायच्या आणि सभागृहात सगळ्यांना एकदम सांगून जायच्या, की मुलांनो, मनातलं बोला, एकमेकांना आधार द्या. बाकीच्यांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. या तिघांनी मनावर घेतलं. बटण म्हणाली, "नुसता आधार काय द्यायचा? सरळ अदलाबदल करू. तुझी भीती मी घेते, माझी तू घे." आणि ठरलं. यातलं काही मोठ्या माणसांना सांगायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी बटण त्यांची डॉक्टर झाली.

मग मुंगीचे सगळे फोन बटण करायला लागली, मुंगीच्या बारीक, चिरक्या आवाजात. दाताच्या डॉक्टरांची वेळ घे, क्लासच्या बाईंना कळव, पुस्तक परत करायची मुदत वाढवून घे. मुंगी कुठे माणसासमोर अडकलीच तर तिथूनच बटणला फोन लावायची आणि फोन सरळ त्या माणसाच्या हातात द्यायची. लायब्ररीतल्या बाईंच्या हातात पहिल्यांदा असा फोन दिला तेव्हा पलीकडून बटण मुंगीच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मी तुमच्यासमोर उभी आहे, तीच बोलतेय." बाईंनी मुंगीच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि वाकून काउंटरखालीही पाहून घेतलं. तिघं त्यावर पोट दुखेपर्यंत हसले होते.

बदल्यात बटणचं बाहेरचं सगळं मुंगीकडे. वह्या आण, प्रकल्प शाळेत देऊन ये, दुकानातून रिळं आण, बटणच्या आत्याला बरं नव्हतं तर तिचा डबासुद्धा मुंगीच पोचवून आली. "तू जाऊन ये ना माझ्याऐवजी," बटण म्हणायची, आणि मुंगी जायची. तिला बाहेर जायला काय, पायांना भिंगरीच. दोघींना वाटायचं, काय झकास युक्ती काढलीय आपण.

लांबूची भीती मात्र अशी कुणाला घेता येईना. त्याला घरी जायचं तर त्या कुत्र्यासमोरून त्यालाच जायला हवं, त्याच्या वतीने कोण जाणार? म्हणून मुंगी नुसती त्याच्या बाजूने चालायची. तो तिच्या दप्तराचा पट्टा धरून, डोळे किलकिले करून, घामाघूम होऊन जायचा. पुढे पुढे पट्टा सुटला. एके दिवशी तो एकटाच निघून आला आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. यातून काही शिकायचं होतं, पण कुणाला सुचतंय. आपलं काम छान चाललंय असं वाटत असलं की माणूस फार विचार करत नाही.

परीक्षेआधीची अभ्यासाची रजा लागली आणि बटणला बाहेर पडायचं काही कारणच उरलं नाही. जे होतं ते मुंगी करत होती. आधी बटण निदान खाली, आईच्या दुकानात तरी यायची, टाचण्या वेचायची, गिऱ्हाइकांच्या नकला करायची. मग ते थांबलं. मग खिडकी उघडणं थांबलं. काकू, म्हणजे बटणची आई, सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, "पोरगी अभ्यासातून मान वर काढत नाही हो." बटणचे बाबा नोकरीला परगावी, काकूंचं डोकं सकाळपासून मशीनमध्ये. जेवणाचं ताट वर जायचं आणि अर्धंमुर्धं खाली यायचं. मुंगीला दिसत होतं. तिला वाटायचं, आपण तिचं आणखी थोडं काम उचलू, म्हणजे तिला बरं वाटेल. तिने आणखी उचललं.

त्या दुपारी मुंगी वर गेली तेव्हा खोली आवरलेली होती. बटणची खोली म्हणजे एरवी नुसता उकिरडा, असं काकूच म्हणायच्या. आज चादर ताणलेली, पुस्तकं रचलेली, कात्र्या-दोरे डब्यात. बटणने केस विंचरले होते. तिचा चेहरा शांत होता. मुंगीला आधी बरंच वाटलं.

"बस," बटण म्हणाली. "तुझे सगळे फोन उरकले आज."

"कुठले सगळे?"

"दाताच्या डॉक्टरांची पुढची वेळ घेतली. लायब्ररी झाली. सुट्टीतल्या चित्रकलेच्या वर्गाला नाव दिलं. चष्म्याच्या दुकानातही बोलले, काच कधीही बदलून देतील म्हणाले. तू नुसती जायचंस, तोंड उघडायला लागणार नाही."

"तो वर्ग तर अजून किती लांब आहे," मुंगी हसत म्हणाली. "आणि चष्म्याचं काय एवढं अडलं होतं? कसली घाई लागलीय तुला?"

"असंच. राहायला नको काही."

मुंगीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. राहायला नको काही. तिने पुन्हा खोलीकडे पाहिलं. ताणलेली चादर पाहिली. बटणने तिच्या पुढ्यात एक पिशवी सरकवली. त्यात तिचे हेडफोन होते, आईने वाढदिवसाला दिलेली छोटी कात्री होती, निळा स्वेटर होता, जो मुंगी वर्षभर मागत होती आणि बटण देत नव्हती.

"हे घे. आता तू सुटलीस. माझी हमाली नको की काही नको."

भीती कशी असते ते मुंगीला चांगलं ठाऊक होतं, तिचं अर्धं आयुष्य तिच्याच संगतीत गेलं होतं. पण ही वेगळी होती. कुणीतरी आपल्याला विचारायला हवं, कुणीतरी इथे असायला हवं, असं वाटलं, आणि खोलीत तर दुसरं कुणीच नव्हतं. तेव्हा तिनेच विचारलं.

"बटण, तू मरायचा विचार करतेयस का?"

बटण हसली असती, उशी फेकून मारली असती, वेडी आहेस का म्हणाली असती, तर मुंगीने तिचे पाय धरले असते. बटण म्हणाली, "हळू बोल. खाली आई आहे."

"सांग ना."

"मी दमलेय गं." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "मला आता दाराबाहेरही पाय टाकता येत नाही. परीक्षेला कशी जाणार? तू माझ्याऐवजी पेपर लिहिणारेस? सगळ्यांना माझं काहीतरी करावं लागतं. मी नसले की तुझं काम कमी होईल, आईचं कमी होईल. शांतपणे सांगतेय, रडतेय का बघ मी."

रडत नव्हती, हेच तर भयंकर होतं.

"कधी?" मुंगीने विचारलं. "आज?"

बटणने उशी ओढून घेतली. "जा आता," ती म्हणाली. "मला पडायचंय. आणि अदलाबदलीतलं बाहेर जात नाही, शपथ आहे तुला." मग तिने मुंगीकडे पाहिलं. न चिडवता, न टोचता, अगदी व्यवहाराचं बोलल्यासारखं म्हणाली, "तसंही तू कुणाला सांगणार? मोठ्या माणसासमोर तुझ्या तोंडून शब्द तरी फुटतो का?"

मुंगी उठली. पिशवी तिने घेतली नाही. दाराशी काढून ठेवलेल्या बुटांतला एक तिने पायात घातला आणि दुसरा दार लागू नये म्हणून फटीत अडकवला. याहून जास्त काही तिला सुचलं नाही. अडकवताना तोही दोनदा निसटला.

जिन्यात बसून तिने लांबूला मेसेज केला. लांबू मामाकडे गेला होता, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याचं उत्तर लगेच आलं. "काकूंना सांग. आत्ताच्या आत्ता. शपथ गेली खड्ड्यात." मग दुसरं. "मी त्यांना फोन लावतोय, उचलत नाहीत." मग तिसरं. "मामाच्या गाडीवरून निघालो. पण वेळ लागेल. तू सांग, मुंगे. तुलाच सांगायला लागेल."

वर काही हललं का म्हणून तिने कान दिला. काही नाही. पंख्याचा आवाज. ती एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशी जिना उतरली.

दुकान म्हणजे खालची एक लांबट खोली. एका भिंतीशी शिलाईचं मशीन, शेजारी कडा शिवायचं ओव्हरलॉक, मागे इस्त्रीचं टेबल, दोरीवर झालेले कपडे चिठ्ठ्या लावून टांगलेले. काकू गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या, मान खाली घालून एका काळ्या पँटवर टीप मारत होत्या. समोर पँटचे मालक उभे. टक्कल, हातात छत्री, पाय आपटणं चालू.

"बाई, मला मुलाखतीला जायचंय हो. ते लोक काही माझ्यासाठी थांबणार नाहीत."

"हा एक पाय राहिलाय, दादा. घाई केली तर एक लांडा आणि एक लांब होईल, मग तिथे काय उड्या मारत जाल?" काकू टाचण्यांमधूनच म्हणाल्या. मग त्यांना मुंगी दिसली. "काय गं? झाला अभ्यास? चहा ठेवलाय मागे, घे. आणि बूट कुठाय तुझा दुसरा?"

मुंगीने तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. नेहमीचंच, पण आज नेहमीपेक्षा शंभरपट. कान पेटले. तिला वाटलं, एक शब्द, एकच शब्द, 'वर' एवढं जरी म्हणता आलं. ओठ हलले. छत्रीवाले गृहस्थ तिच्याकडे बघायला लागले आणि होती नव्हती ती हवाही आत गेली.

तिने फोनवर लिहायला घेतलं. काकू, बटणला. पुढचा शब्द काय लिहायचा? मरायचंय? तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. अक्षरं चुकत होती. अर्धवट वाक्य तसंच काकूंच्या डोळ्यांसमोर धरलं.

"अगं, बाजूला कर ते. सुई चालू आहे, बोटात घुसेल माझ्या," काकू नजर न हलवता म्हणाल्या. "तोंडाने बोल ना, तुला देवाने तोंड दिलंय की नाही."

मशीन खडखडत राहिलं. मुंगीला रडू फुटलं, पण तेही बिनआवाजाचं. तिला बटणचा राग आला, काकूंचा आला, त्या पँटचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या या मेल्या घशाचा. वर एक मुलगी शांतपणे पडून आहे आणि आपण खाली खांबासारख्या उभ्या. आपल्याला बोलता येत नाही हे तिला ठाऊक आहे. त्याच भरवशावर तिने आपल्याला सगळं सांगितलं.

मग तिने जे केलं ते विचार करून केलं नाही. माणसासमोर अडकल्यावर ती इतके दिवस जे करत आली होती, तेच हाताने केलं. बटणला फोन लावला.

फोन वाजत राहिला. मुंगीचा फोन बटण कधी वाजू देत नसे. मुंगीचा फोन म्हणजे मुंगी कुठेतरी अडकलीय, हे तिला पाठ होतं, अंघोळीतून ओल्या हाताने उचलायची ती. आज वाजतच राहिला. ती जिन्याकडे पळणार, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी श्वास घेतला.

"काय झालं?" बटणचा आवाज. थकलेला, पण सवयीचा. "कुठे अडकलीस?"

"माणसासमोर," मुंगी कुजबुजली. बटणशी तिला बोलता येत होतं. "मला बोलायचंय आणि जमत नाहीये. तू बोल."

"कोण आहे?"

"तुझी आई."

पलीकडे पलंग करकरला.

"मुंगे, शपथ घातली होती मी तुला."

"मी काही सांगितलं नाही. मला सांगताच येत नाहीये, बघ ना. मी खूप घाबरलेय, बटण. इतकी कधीच घाबरले नव्हते. तूच म्हणाली होतीस, तुझी भीती मी घेते. ही घे. मला माझ्या मैत्रिणीबद्दल तिच्या आईला सांगायचंय. काय सांगायचं ते तुला माहीत आहे."

आणि तिने स्पीकर सुरू केला, आणि फोन मशीनवर, सुईच्या अगदी पुढ्यात, पँटवरच ठेवला.

काकूंनी पाय उचलला. मशीन थांबलं. "हा काय खेळ लावलाय तुम्ही?" त्या म्हणाल्या, पण मुंगीचा चेहरा बघून त्यांच्या ओठांतल्या टाचण्या हातात आल्या. फोनमधून काहीच येत नव्हतं. नुसता श्वास. छत्रीवाल्यांनी पाय आपटणं थांबवलं. मुंगीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. ठेवला का तिने फोन? ठेवला तर? पळायचं, सरळ वर पळायचं, तिने ठरवलं.

"काकू," फोनमधून आवाज आला. बारीक, चिरका. "काकू, मी मुंगी बोलतेय."

काकूंनी समोर उभ्या मुंगीकडे पाहिलं. मुंगीचं तोंड तिच्या हातांखाली बंद होतं. काकूंच्या कपाळावर आठी आली, ओठ उघडले, पोटच्या पोरीचं नाव जिभेवर आलेलं मुंगीला दिसलं. तिने जोरजोराने मान हलवली. नका, नका. काकूंनी ते नाव गिळलं. आयुष्यभर माप घेत आलेली बाई ती, कुठे सैल सोडायचं आणि कुठे आवळायचं ते तिच्या हाताला कळत असावं.

"बोल, मुंगी," त्या म्हणाल्या. "ऐकतेय मी."

"तुमच्या मुलीबद्दल सांगायचं होतं. तिला बरं नाहीये. पुष्कळ दिवस झाले. ती अभ्यास करत नाही, काकू. ती नुसती पडून असते आणि पुस्तक उघडं ठेवते, तुम्ही आलात तर दिसावं म्हणून."

"बरं."

"तिला बाहेर जाता येत नाही. मी तिचं सगळं बाहेरचं करते. तिला वाटतं ती सगळ्यांना ओझं झालीय. तुम्ही दिवसभर मशीनवर बसून दमता, आणि वर तिचं करता. म्हणून ती... म्हणून तिने..."

आवाज थांबला. काकू उठल्या होत्या. फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. त्यांचा रंग उतरला होता, पण बोलल्या त्या अगदी रोजच्या आवाजात. "सांग बाळा. मी कुणावर रागावणार नाही. तिच्यावर नाही, तुझ्यावर नाही."

"तिला मरावंसं वाटतंय, काकू." हा आवाज आता धड मुंगीचा नव्हता, धड बटणचा नव्हता. "पण तिला भीतीपण वाटतेय. खूप भीती वाटतेय. आणि तुम्हाला कसं सांगायचं ते तिला कळत नाहीये."

काकू जिन्याकडे चालायला लागल्या. "ती आत्ता कुठे आहे, मुंगी?"

"वर. दारात कुणाचातरी बूट अडकलाय."

"असू दे तो तिथेच. तिला सांग, आई येतेय. आईचे गुडघे धरलेत, तिला जिना चढायला वेळ लागतो. तोवर तू फोन ठेवायचा नाही. बोलत राहा माझ्याशी. कशाबद्दलही बोल."

"काय बोलू?"

"मुलगी जेवली का आज?"

"नाही. तुम्ही दिलेलं तसंच आहे."

"मीही नाही जेवले. तिला सांग, बरोबर जेवू."

मुंगी त्यांच्या मागून चढत होती. काकू कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या, फोन तोंडाशी, आणि त्यांचा खांदा हलत होता, पण आवाज त्यांनी हलू दिला नाही. कसं जमलं त्यांना ते त्यांनाच ठाऊक.

दार ढकललं. बटण पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती, पाय पोटाशी घेऊन, फोन कानाला लावून. आई दारात उभी दिसली तरी तिने फोन खाली घेतला नाही. काकूंनीही घेतला नाही. त्या भिंत धरून हळूहळू तिच्या समोर खाली बसल्या आणि फोनमध्येच म्हणाल्या, "पोचले बरं का मी, मुंगी. तू छान सांगितलंस. आता तिला दे फोन."

बटणने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "आई," ती म्हणाली, तिच्या स्वतःच्या आवाजात, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण काकूंनी तिला ओढून छातीशी घट्ट धरलं होतं आणि दोन्ही फोन कुठेतरी खाली पडले होते.

मुंगी दारातच भिंतीला टेकून उभी राहिली. सुटका झाली असं तिला वाटलं नाही. बटणने आईच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग होता. खरा राग. मुंगीने मान खाली घातली नाही. रागावू दे, तिला वाटलं. रागवायला असू दे.

काकूंनी एका हाताने बटणला धरून ठेवून दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. लांबू अजून वाटेतच होता. दवाखान्यातून सांगितलं, लगेच घेऊन या, तिला क्षणभरही एकटं सोडू नका.

बटणचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर. रस्ता, माणसं, दवाखान्यातली रांग. तिने आईचा पदर मुठीत आवळला आणि मुंगीकडे वळून, रागबिग सगळं विसरून, रोजच्या सवयीने म्हणाली, "तू जाऊन ये ना माझ्याऐवजी."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. मुंगीलाही कळलं. इतके दिवस किती प्रेमाने तिने ऐकलं होतं हे वाक्य, आणि किती लगबगीने धावली होती.

"नाही जाणार," ती म्हणाली. "बाजूने चालते."

बटण दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली. तिसऱ्यांदा उठली ती दोघींच्या जोरावर. जिना उतरताना ती प्रत्येक पायरीवर थांबत होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. काकू एका बाजूला, मुंगी दुसऱ्या बाजूला, बिनबुटाचा मोजा फरशीवर घसरतोय तरी तिला घट्ट धरून. खाली दुकानाच्या दारात ते छत्रीवाले गृहस्थ अजून उभे होते, एक पाय लांबच राहिलेली पँट हातात घेऊन. काय करावं ते त्यांना समजत नव्हतं, आणि वाट मात्र त्यांनीच अडवली होती.

"बाजूला व्हा ना जरा," मुंगी म्हणाली. "आम्हाला जायचंय."

ते चटकन बाजूला झाले आणि त्यांनी दार धरून ठेवलं. बाहेर नेहमीची दुपार होती, स्कूटर चालली होती, समोरचा किराणावाला पोतं उतरवून घेत होता. बटणने उंबऱ्यावर डोळे गच्च मिटले. तिची नखं मुंगीच्या मनगटात इतकी रुतली की रक्त यायचं बाकी होतं. मुंगीने हात सोडवून घेतला नाही. दोघीही थरथरत होत्या, आणि तशाच रस्त्यावर उतरल्या.